निवेसच्या दारावरची फळी

निवेस तोमादीनच्या नाकावर राग असतो हे अख्ख्या प्रादुलीनला ठाऊक होतं. पण तो चढायचा बारीकसारीक गोष्टींनी. कुणी चिखलाचे बूट घेऊन आत आलं, कुणी उकडलेल्या अंड्याची टरफलं टेबलाखाली सरकवली, कुणी पत्ते हरल्यावर टेबलावर मूठ आपटली, की निवेस ओल्या फडक्यासकट हजर. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मात्र तिला रागवायला चांगलं सरकारी कारण मिळालं, आणि मग विचारायलाच नको.

तिच्या दारावर एक फळी होती. फळीवर ‘तोकाय’ हे नाव होतं. फ्रिउलीच्या या टेकड्यांवर ज्या द्राक्षाची पांढरी वाइन होते त्या द्राक्षाचं आणि त्या वाइनचं हे नाव. आजे-पणजे हेच नाव घेत आले. आता हुकूम आला होता की येत्या मार्चच्या एकतीस तारखेनंतर हे नाव इटलीतल्या कुठल्याही बाटलीवर, पिंपावर किंवा पाटीवर दिसता कामा नये.

झालं होतं असं, की तेरा वर्षांपूर्वी युरोपातल्या बारा देशांची माणसं एका बाजूला आणि हंगेरीची माणसं दुसऱ्या बाजूला बसली आणि त्यांच्यात वाइनच्या व्यापाराचा करार झाला. तुमच्या वाइनची नावं आमच्या मुलखात कुणी वापरणार नाही, आमच्या वाइनची तुमच्या मुलखात वापरायची नाहीत. हंगेरीत तोकॉय नावाचे डोंगर आहेत आणि तिथली गोड वाइन त्याच नावानं राजेरजवाड्यांच्या मेजावर जायची. आमची तोकाय कोरडी, त्यांची गोड. आमचं द्राक्ष वेगळं, त्यांचं वेगळं. पण कानाला नाव एकच. आमच्या बाजूनं खूप भांडून झालं, युरोपच्या मोठ्या कोर्टापर्यंत जाऊन हरूनही झालं. उरलेली मुदत काय ती हातात होती.

निवेसला या सगळ्याशी कर्तव्य नव्हतं. तिचं भांडण एकाच फळीपुरतं होतं.

ती फळी तिच्या नवऱ्यानं, गेलिंदोनं केली होती. लग्न झालं त्या आठवड्यातली गोष्ट. जुन्या पिंपाचं झाकण फुटलं होतं, त्यातली एक बाभळीची फळी त्यानं घासून गुळगुळीत केली, चुलीत सळई लाल केली आणि एकेक अक्षर जाळून कोरायला बसला. नवी नवरी मागून वाकून बघत होती. ‘आ’चं अक्षर आमच्याकडं दोन तंगड्यांचं असतं. त्याची दुसरी तंगडी कोरताना निवेसनं त्याच्या मानेवर फुंकर मारली, तो दचकला, आणि ती तंगडी फाकून बाहेर गेली. “आता हा जन्मभर लंगडणार,” गेलिंदो म्हणाला. “लंगडू दे, पळून तरी जाणार नाही,” निवेस म्हणाली. फळी दारावर लागली आणि त्यांची फ्रास्का सुरू झाली.

फ्रास्का म्हणजे खरं तर पानांची डहाळी. घरची वाइन घरीच विकायची असली की आमच्याकडं रस्त्याच्या वळणावर खांबाला एक डहाळी बांधतात. ती दिसली की समजायचं, पिंप उघडलंय. मग त्या घरालाच फ्रास्का म्हणतात. आत दोन बाकं, कांदा घालून परतलेला डुकराच्या मांसाचा सलामी, उकडलेली अंडी, बटाटा आणि चीजचं खरपूस फ्रीको आणि ‘तायुत’, म्हणजे वाइनचा छोटा पेला. निवेसच्या संसाराचं सगळं सुखदुःख त्या बाकांच्या मधल्या वाटेनं गेलं. मुलगी ओर्नेल्ला तिथंच पाटावर बसून गणितं करायची. गेलिंदोही तिथंच गेला, सप्टेंबरच्या तोडणीनंतर, दारात उभा राहून पलीकडच्या टेकडीवर कुणाला तरी हात करता करता.

त्यानंतर निवेस रोज सकाळी दार उघडताना त्या फाकलेल्या तंगडीवरून अंगठा फिरवायची. हे कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्याचा आवाज तिला आता नीट आठवेनासा झाला होता, पण अंगठा त्या खाचेत गेला की मानेवर फुंकर मारलेली ती दुपार जशीच्या तशी परत यायची. आणि ही फळी काढा म्हणे.

“आई, दंड होईल,” ओर्नेल्ला म्हणाली. ती उदीने शहरात एका वकिलाच्या कचेरीत कामाला होती आणि दर रविवारी येऊन आईला शहाणं करायचा प्रयत्न करायची.

“होऊ दे.”

“अगं, हा काही आपल्या पंचायतीचा नियम नाही, की तू जाऊन चार शिव्या घातल्यास आणि मिटलं. देशांचा करार आहे हा.”

“त्या करार करणाऱ्यांतल्या एकानं तरी ही फळी पाहिलीय?”

“नाही.”

“मग त्यांना कसं कळलं ती इथं आहे ते?”

ओर्नेल्ला हसली. “त्यांना कळायची गरजच नसते, आई. कुणी न बघताही तो लागू होतो, म्हणून तर तो करार.”

निवेसनं त्यावर भांडी आपटली, पण मनात ती दचकली होती. कुठं तरी लांब, गालिचे अंथरलेल्या खोलीत, कोट घातलेल्या माणसानं लेखणी टेकवली, आणि तेवढ्यानं डोंगर, नद्या, सरहद्दी ओलांडून ती गोष्ट नेमकी प्रादुलीनच्या दारावरच्या दोन खिळ्यांपर्यंत आली. पाऊससुद्धा इतका नेम धरून पडत नाही. त्या रविवारी ती बराच वेळ दारात उभी राहून त्या खिळ्यांकडं बघत होती.

संध्याकाळी बेपी आला. बेपी म्हणजे गेलिंदोचा लहानपणापासूनचा दोस्त, फ्रास्कामधला रोजचं गिऱ्हाईक आणि रोजचा वैताग.

“वहिनी, घाबरू नका. वेली मुळात इथल्याच. आपल्याकडच्या एका सरदाराची लेक तिकडं हंगेरीत दिली, तिनं हुंड्यात वेली नेल्या. चोर ते, आपण नाही.”

“पुरावा आहे?”

“होता. आजोबांनी पिऊन टाकला.”

बाकावरचे सगळे हसले. निवेस हसली नाही. तिच्या डोक्यात एक चक्र फिरायला लागलं होतं. द्राक्षवाल्यांच्या संघाची बस ऑक्टोबरच्या शेवटी तोकॉयला जायची होती. अर्धे लोक तिथल्या लोकांना चार शब्द सुनवायला निघाले होते, आणि अर्धे वाटेत बुडापेस्टच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत डुंबायला. निवेसनं आपलं नाव दिलं. पिशवीत तिनं स्वतःच्या पिंपातली एक बाटली घेतली. त्यांच्यातल्या कुणाला तरी समोर बसवायचं, ही पाजायची आणि विचारायचं, हिच्यात तुमचं काय आहे ते दाखवा आणि नसेल तर माझ्या नवऱ्यानं कोरलेलं नाव माझ्या दारावर राहू द्या. कुणाला विचारायचं हे काही तिनं ठरवलं नव्हतं. एवढ्या मोठ्या देशात कुणी तरी भेटेलच, अशी तिची समजूत.

तोकॉयच्या डोंगरांत, कोवागो नावाच्या गावात बस थांबली. बाकीचे लोक मोठ्या तळघरात चव घ्यायला गेले. निवेसला त्या चकचकीत काचेच्या दारातून आत जावंसं वाटेना. ती गल्लीनं पुढं गेली, आणि कोपऱ्यावर थबकली. टेकडीच्या पोटात खणलेलं एक बुटकं दार होतं आणि दारावर, खिळ्याला, द्राक्षवेलीची डहाळी बांधलेली होती.

तिनं ती डहाळी हातानं चाचपून पाहिली. परक्या मुलखात, ज्यांच्याशी भांडायला आलो त्यांच्याच दारावर आपल्या घरची खूण. विचारबिचार न करता, आपल्याच घरात शिरावं तशी ती आत शिरली.

आत एक चाळिशीची बाई बादल्या धूत होती. निवेसनं इटालियनमध्ये नमस्कार केला. बाईनं वर बघितलं आणि इटालियनमध्येच म्हणाली, “फ्रिउलीच्या ना तुम्ही?”

“कशावरून?”

“उगाच रागावल्यासारखं बघताय त्यावरून.” ती हसली. “मी रेका. मान्झानोला खुर्च्यांच्या कारखान्यात कितीतरी वर्षं पॉलिश केलंय मी. शनिवारी पगार झाला की आम्ही सगळ्या तुमच्या तायुतवरच असायचो.”

मान्झानो म्हणजे निवेसच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. एवढ्यानं राग जरा ढेपाळला, पण निवेसनं तो पुन्हा सावरून धरला. इतक्या लांबून आणलेला तो काही फुकट घालवायला नव्हे. आपण कशाला आलो ते तिनं सांगून टाकलं.

“हे तुम्ही सासूबाईंना सांगा,” रेका म्हणाली. “मळा त्यांचा, तळघर त्यांचं, मी नुसती सून. त्या वर चढावर आहेत. राग घेऊनच चला, आणि येता येता या दोन बादल्याही घ्या.”

रेकाची सासू एतेल्का ऐंशीच्या पुढची होती. डोक्याला रुमाल, अंगावर नवऱ्याचा जुना कोट, आणि बसायला एक बुटकं स्टूल. ते स्टूल एका वेलीपासून दुसऱ्या वेलीपाशी सरकवत ती काम करत होती. खाली दोन नद्यांवरचं धुकं नुकतंच विरत होतं आणि चढावर पिवळं ऊन आलं होतं. रेकानं काहीतरी सांगितलं. म्हातारीनं निवेसकडं नीट बघितलं, मान हलवली आणि पुन्हा वेलीत हात घातला. हातातली ओळ संपल्याशिवाय बोलायचं नाही, हा तिचा रिवाज असावा.

हात बांधून उभं राहणं निवेसला जन्मात जमलं नव्हतं. तिच्या खिशात छोटी कात्री कायमची असायची. ती ओळीच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि कामाला लागली.

आणि काम तिनं केलं तेही अगदी मन लावून. आमच्या द्राक्षाची साल पातळ, घड गच्च, त्यामुळं बुरशी लवकर धरते. एक दाणा सडका गेला की पिंप नासलं, हे गेलिंदोनं तिच्या हाडीमाशी खिळवलेलं. घड डाव्या तळव्यावर घ्यायचा, सुरकुतलेला, बुरशीनं करडा पडलेला प्रत्येक दाणा कात्रीच्या टोकानं उडवायचा आणि स्वच्छ घड बादलीत ठेवायचा. इथले घड बघून तर तिला या लोकांची कीवच आली. किती ती बुरशी. निम्मे दाणे मनुकांसारखे चिमलेले. या बाईकडं कुणी बघायला नाही की काय, असं म्हणत तिचा हात भराभर चालला. दाणे टपाटप जमिनीवर पडत गेले. ओळीच्या टोकाशी येऊन तिनं बादली उचलली आणि म्हातारीसमोर ठेवली. टपोरे, पिवळे, लखलखीत घड. आता बोला.

एतेल्कानं बादलीत बघितलं. मग तिनं ओळीखालच्या जमिनीकडं बघितलं. रेकाचा हात तोंडावर गेला.

म्हातारी स्टुलावरून उतरली, गुडघ्यांवर आली, आणि गवतातून, दगडांच्या मधून निवेसनं टाकलेले दाणे एकेक करून वेचायला लागली. प्रत्येक दाण्यावर फुंकर मारायची, माती उडवायची आणि दाणा झोळीत टाकायचा.

“काकू,” रेका हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही टाकलंत ना, तेच आम्हाला हवं असतं. बादलीत ठेवलंय ते कुणाकडंही पिकतं.”

निवेसला आधी कळलंच नाही. रेकानं सांगितलं, की धुकं आणि ऊन असं आलटून पालटून झालं तर ही बुरशी दाण्याला नासवत नाही, आतलं पाणी तेवढं शोषून घेते. मागं राहतो तो अर्क. घड सगळा असा होत नाही. एका वेळी दोन-चार दाणे होतात. मग याच वेलींपाशी पुन्हा यायचं, पुन्हा दोन-चार दाणे. बोटांनी, एकेक. दिवसभर राबून पाठीवरच्या टोपलीचा तळ झाकला तर पुष्कळ. एखाद्या वर्षी पाऊस अवेळी आला की काहीच नाही, आणि मग पुढच्या वर्षाची वाट बघायची. शेकडो वर्षं हे असंच चाललं होतं.

निवेसचा चेहरा कानापर्यंत तापला. जन्मभर कचरा म्हणून झटकलेली गोष्ट एक ऐंशीच्या पुढची बाई गुडघे टेकून मातीतून वेचत होती, आणि वेचताना तिच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. निवेस खाली बसली. तीही वेचायला लागली. दाणे इतके मऊ होते की जरा जोर झाला तर बोटांतच विरघळतील, म्हणून तिला आपले दणकट हात पहिल्यांदाच अडचणीचे वाटले. दोघी बायका समोरासमोर, डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ, किती तरी वेळ वेचत होत्या. शेवटी एतेल्कानं एक दाणा निवेसच्या तळव्यावर ठेवला आणि खा म्हणून खूण केली.

निवेसनं तो तोंडात टाकला. मग ती तशीच बसून राहिली. चव आधी मधाची लागली, मग जर्दाळूची, मग आंबटसर काहीतरी ज्याला तिच्याकडं नाव नव्हतं, आणि सगळं संपलं असं वाटल्यावरही ते संपलेलं नव्हतं. एवढासा करडा, कुरूप दाणा. आपण किती वर्षं डोळे मिटून जगलो, असं तिला वाटलं, आणि त्याचं वाईट न वाटता नवलच वाटलं.

तळघरात एतेल्का मेणबत्ती घेऊन पुढं चालली. भिंती काळ्या होत्या, आणि निवेसनं हात लावला तर मखमल. तीही बुरशीच. पिंपांतून जी वाइन हवेत उडून जाते तिच्यावर ती जगते, रेका म्हणाली, आणि इथं जे राहतं त्या सगळ्यावर हळूहळू पांघरूण घालते. छतावर, बाटल्यांवर, एतेल्काच्या आजोबांनी टांगलेल्या कंदिलावर, सगळीकडं तीच. आवाजसुद्धा त्या मखमलीत बुडून जात होता. निवेस देवळातसुद्धा हळू बोलत नसे, पण इथं तिचा आवाज आपोआप खाली आला.

कोपऱ्यातल्या एका काचेच्या भांड्यातून एतेल्कानं चमच्यात थोडंसं काढलं. हे दाबून काढलेलं नाही, रेकानं सांगितलं. दाणे नुसते रचून ठेवायचे, एकमेकांच्या भारानं जेवढं पाझरेल तेवढंच हे. मग ते वर्षानुवर्षं आंबत पडतं. औषध सोडलं तर निवेसनं चमच्यानं काही प्यायलेलं आठवत नव्हतं. तिनं चमचा तोंडात घेतला.

ती काय म्हणेल याची दोघी वाट बघत होत्या. तिला गेलिंदो दिसला, चुलीपुढं बसलेला, सळईच्या उजेडात, आणि तिच्या ध्यानात आलं की या खेपेला अंगठा कशावरही फिरवावा लागला नव्हता. तिचे डोळे भरून आले. तिनं ते पुसलेही नाहीत.

बऱ्याच वेळानं तिला पिशवीतली बाटली आठवली. आता ती काढायची लाज वाटत होती, पण एवढ्या लांब आणली होती, तेव्हा काढली. एतेल्कानं पेला धुऊन पुसला, सावकाश घोट घेतला, तोंडात घोळवला, आणखी एक घेतला.

“चांगली आहे,” रेकानं तिचं बोलणं सांगितलं. “स्वच्छ आहे. शेवटी कडू बदाम लागतो. सासूबाई विचारताहेत, इतकी गुणाची आहे तर हिला दुसऱ्याच्या नावानं का हाक मारता?”

निवेसचा राग पुन्हा उसळला. “दुसऱ्याच्या नाही. माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं कोरलंय ते नाव. ते गेलं की तो दुसऱ्यांदा गेला.”

रेकानं सांगितलं. एतेल्कानं पेला खाली ठेवला. मग ती बोलत गेली आणि रेका वाक्यामागून वाक्य सांगत गेली. कम्युनिस्ट सरकारनं सगळ्यांचे मळे ताब्यात घेतले तेव्हा एतेल्का तरुण होती. चढ सोडून दिले, खाली सपाटीवर वेली लावल्या. चांगलं, वाईट, कुणाचंही द्राक्ष एकाच टाकीत. वर चिठ्ठी मात्र तोकॉयची. गाड्याच्या गाड्या भरून पूर्वेकडं जायच्या. एतेल्काचा बाप टाकीपाशी कामाला होता. घरी आला की हात धुवायचा आणि म्हणायचा, नाव आपलं आहे आणि आत काय आहे ते बघवत नाही. ते नाव इतक्यांनी अंगावर घालून फिरवलं, की कापड विरलं. लोक हसायला लागले त्या नावाला. बाप त्या हसण्यातच गेला. पुढं राज्य बदललं, चढ परत मिळाला, पण विरलेल्या नावाचं काय करायचं ते कुणालाच कळेना. मग तो करार झाला. या डोंगरांत जे होतं तेवढंच तोकॉय.

“ज्या दिवशी रेडिओवर ऐकलं,” एतेल्का म्हणाली, “त्या दिवशी मी कबरीवर गेले आणि बापाला सांगून आले, की बाबा, आता हात धुवायला नकोत.” मग तिनं निवेसच्या मनगटावर हात ठेवला. “तिकडं तुझ्या दारावर काही आहे, हे मला ठाऊक नव्हतं. सही करणाऱ्यांनाही नसणार. पण आमच्या डोक्यावर छप्पर आलं ते त्याच कागदानं. मी तुला खोटं कशाला सांगू?”

त्या लांबच्या खोलीतली लेखणी निवेसला पुन्हा दिसली. एकच रेघ, आणि तिनं दोन बायकांच्या घरांपर्यंत जावं, एकीचं काढावं आणि दुसरीचं राखावं. हे केवढं मोठं होतं, आणि करणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

घरी परतल्यावर बेपी फाटकाशीच उभा होता. “काय वहिनी, आणलंत का नाव सोडवून?”

“नाही.”

“मग आणलं काय?”

“गुडघेदुखी,” निवेस म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी ती गेलिंदोच्या कबरीवर जाऊन बराच वेळ बसली. काय सांगितलं ते तिलाच माहीत.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी फ्रास्कात पाय ठेवायला जागा नव्हती. बेपी काळा टाय लावून आला होता. नावाची अंत्ययात्रा काढायची, शोकगीत म्हणायचं, आणि फळी काढायला कुणी आलंच तर दारात आडवं व्हायचं, असा त्याचा बेत. निवेसनं त्याला बाजूला सारलं आणि हातोडीनं स्वतःच दोन्ही खिळे उपसले. फळी उतरली. मागं दारावर तिच्या मापाचा कोरा तुकडा राहिला. ओर्नेल्लाच्या डोळ्यांत पाणी आलं. आईशी महिनोन्महिने भांडून तिला जे हवं होतं ते झालं होतं, आणि तिलाच ते बघवत नव्हतं.

“आई, माळ्यावर ठेवू या,” ती म्हणाली. “घरात ठेवायला कोण अडवतंय?”

“माळ्यावर कशाला? चोरीचा माल आहे का?”

“नवी पाटी करायची का मग? आता ‘फ्रिउलानो’ म्हणायचं ठरलंय सगळ्यांनी.”

“पाटी नको. वळणावर डहाळी आहे, तेवढी पुरे.”

“आणि आम्ही मागायचं काय म्हणून?” बेपीनं विचारलं. त्याचा टाय आता मानेमागं गेला होता.

“जन्मात कधी नाव घेऊन मागितलंस? एक बोट वर करतोस आणि ‘तायुत’ म्हणतोस.”

बेपीनं आठवून पाहिलं. “हे मात्र खरं,” तो म्हणाला आणि बोट वर केलं. निवेसनं पेला भरून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं घोट घेतला, सगळे त्याच्याकडं बघत होते. “तीच आहे,” तो म्हणाला, आणि मग सगळ्यांनीच बोटं वर केली.

त्या शरद ऋतूत निवेस पुन्हा कोवागोला गेली, या वेळी एकटी, आगगाडीनं. फळी गेलिंदोच्या कोटात गुंडाळलेली होती. ज्या नावाला आपल्याकडं उजेडात उभं राहायची चोरी, ते जिथं ताठ मानेनं राहू शकतं तिथंच त्यानं राहावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. एतेल्कानं फळी मेणबत्तीजवळ धरली.

“आमच्याकडं असं लिहीत नाहीत,” ती म्हणाली. “पण इटलीहून आलीय म्हणजे जरा नटून येणारच.” मग तिचं बोट त्या फाकलेल्या तंगडीवर थांबलं. “याला काय झालं?”

“मी फुंकर मारली होती,” निवेस म्हणाली.

रेकानं ते सांगितल्यावर म्हातारी इतकी हसली की तिला पिंपाचा आधार घ्यावा लागला. फळी आत, अगदी शेवटच्या पिंपाच्या वर, आजोबांच्या कंदिलाशेजारी टांगली गेली.

त्यानंतर दर ऑक्टोबरला दोन-तीन दिवस निवेस त्या चढावर दाणे वेचायला जायची, आणि बोटं हलकी कशी ठेवायची ते शिकली. एतेल्का एका हिवाळ्यात गेली. त्या वर्षी निवेसचे पाय दुखत होते, जिना उतरवत नव्हता, म्हणून तळघर राहून गेलं. पुढचीही काही वर्षं अशीच गेली. मग एकदा रेका म्हणाली, “चला काकू, मी धरते,” आणि दोघी एकेक पायरी करत खाली उतरल्या.

मेणबत्तीच्या उजेडात निवेसला फळी दिसेना. भिंत नुसती काळी होती, कंदील काळा, सगळं एकच.

“काढली का?” तिनं विचारलं.

“आहे की,” रेका म्हणाली. “तिथंच आहे. इथलीच झालीय आता.” आणि तिनं निवेसचा हात धरून वर नेला.

मखमल मऊ होती, गार होती, आणि तिच्याखाली लाकूड होतं. निवेसचा अंगठा सावकाश पुढं सरकला. एक अक्षर, दुसरं, तिसरं. मग तो त्या खाचेत गेला, बाहेर फाकलेल्या तंगडीत, आणि तिथंच थांबला.

“बरी जागा मिळाली तुला, गेलिंदो,” निवेस म्हणाली.